जळलेलं थिएटर आणि चुकलेलं घर

मे महिन्यात बाबा बर्मिंगहॅमला आले, तेव्हा त्यांचा एकच हट्ट होता. लंडन राहू दे, आधी शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर वीसेक वर्षं तोंडाला रंग लावलेला माणूस. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोशी त्यांची ओळख देवलांच्या 'झुंझारराव' या मराठी रूपांतरातून झालेली.

हेन्ली स्ट्रीटवरच्या शेक्सपिअरच्या जन्मघरात एक जुनी खिडकी ठेवली आहे. पूर्वीच्या पाहुण्यांनी तिच्या काचेवर आपापली नावं कोरली आहेत, त्यात सर वॉल्टर स्कॉटही आहेत. "पन्हाळ्यावर पोरं बदाम काढतात त्यांना आपण शिव्या घालतो," बाबा म्हणाले. 1847 साली लोकवर्गणीतून तीन हजार पौंडांना हे घर घेतलं गेलं आणि पुढे आगीच्या भीतीने दोन्ही अंगांची घरं पाडली.

न्यू प्लेसला तर घरच नाही. शेक्सपिअरने 1597 मध्ये घेतलेली ही वास्तू पुढे गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याकडे आली. कवीने लावलेलं तुतीचं झाड बघायला येणाऱ्यांना वैतागून त्याने 1756 मध्ये झाड तोडलं आणि तीन वर्षांनी, कराच्या भांडणात, घरही पाडलं. गावाने त्याला हाकलून दिलं. आज तिथे बाग आहे. "रिकामी जागा बघायला तिकीट?" असं कुरकुरत बाबा तिथे तासभर रमले.

जवळच्या विल्मकोट गावची गंमत याहून मोठी. शेक्सपिअरच्या आईचं घर म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या जे बघत होते, ते शेजाऱ्याचं निघालं. 2000 साली कागदपत्रांतून हे कळल्यावर ही घरं सांभाळणाऱ्या न्यासाने चूक कबूल केली आणि पाट्या बदलल्या. आपल्याकडे असं झालं असतं तर दोन समित्या आणि एक मोर्चा नक्की होता.

स्ट्रॅटफर्डच्या नदीकाठच्या थिएटरपाशी मात्र बाबा गप्प झाले. 1879 चं मूळ थिएटर 6 मार्च 1926 ला जळालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसलेंच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेलं, केशवरावांच्याच नावाचं आमचं नाट्यगृह जळताना आम्ही दोघांनी फोनवर बघितलं होतं, ते कोल्हापुरात आणि मी इथे. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर वाद चालूच आहे. होतं तसंच बांधा, की आता बांधताय तर नव्या तंत्राचं बांधा? पुण्याचं बालगंधर्व पाडायचं की ठेवायचं, यावर तर किती वर्षं भांडतोय. मी 'होतं तसंच'वाला. परदेशात राहिलं की गाव आपण सोडलं त्या दिवशीचंच हवं असतं, आणि तिथल्या खुर्चीत बसायचं तर आपल्याला नसतंच.

स्ट्रॅटफर्डला होतं तसं बांधलंच नाही. एलिझाबेथ स्कॉट या तरुण वास्तुविशारद बाईचा आराखडा निवडला गेला, 1932 मध्ये थिएटर उघडलं आणि लोकांनी त्याला मुरंब्याचा कारखाना म्हणून हिणवलं. मागची खुर्ची रंगमंचापासून सत्तावीस मीटर दूर पडत होती. म्हणून बाहेरच्या भिंती राखून आतलं सगळं बदललं आणि 2010 मध्ये हे अंतर पंधरा मीटरवर आणलं. जळक्या इमारतीचा उरलेला सांगाडाही टाकला नाही. 1986 पासून तिथे दुसरं थिएटर चालतं. हे बघून माझा पक्ष बदलला. कोल्हापुरात खासबागेच्या बाजूच्या आमच्या नाट्यगृहाच्या भिंती ठेवा, पण आत आजच्या नटाला काय लागतं ते त्यालाच विचारा.

इथलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअर पोसतो. तासाभरावरच्या माझ्या बर्मिंगहॅमच्या महापालिकेने 2023 मध्ये दिवाळं जाहीर केलं आणि मग कलासंस्थांची अनुदानं कापली. तरी एक गोष्ट बाबांनी लगेच हेरली. 1926 च्या आगीनंतर पुढच्याच महिन्यात गावातल्या सिनेमाघरात प्रयोग सुरू झाले आणि नवी वास्तू होईपर्यंत तिथेच होत राहिले.

परतीच्या गाडीत त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एका बोटाने ग्रुपवर हे सगळं लिहिलं. शेवटी विचारलं, "आपण तोवर कुठे करायचं?"

तिघांनी अंगठे पाठवले. एकाने विचारलं, काका, तिकडे थंडी किती?