देवघरातला बल्ब आणि वरचा गीझर

डिसेंबरात रोज सकाळी साडेसहाला मी पूजेला बसले की देवघरातला झिरोचा बल्ब मंद व्हायचा. विझायचा नाही. पिवळ्याचा तांबूस व्हायचा, दहा-बारा मिनिटं तसाच राहायचा आणि मग एकदम पहिल्यासारखा. ह्यांना सांगितलं, तर हॉलमधल्या एलईडी ट्यूबकडे बघत म्हणाले, "कुठे काय? चष्म्याचा नंबर बदललाय तुझा." लेकाला निमित्तच हवं होतं. "आई, बाबा गॅसलायटिंग करतायत!"

गॅसलायटिंग म्हणजे समोरच्याला जे खरंच दिसतंय तो त्याचा भासच आहे असं त्याला पटवत राहणं. हल्ली भाजीत मीठ कमी आहे की नाही यावरून वाजलं तरी हा शब्द निघतो. शब्द सगळ्यांना पाठ, पण त्यातल्या गॅसचं काय झालं हे कुणाला विचारा! १९४४ चा 'गॅसलाइट' बघा एकदा. इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं त्यासाठी. त्यातला नवरा रात्री बाहेर जातो म्हणून निघतो आणि गुपचूप स्वतःच्याच घराच्या बंद माळ्यावर शिरून दागिने शोधत बसतो. वर त्याने दिवा लावला की खाली बायकोच्या खोलीतली गॅसची ज्योत बारीक होते, कारण गॅस आता वरही जातोय. तिला भास होत नसतो, तिच्या घरातली नळी खरं बोलत असते.

आता रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर दागिने नाहीत. वरच्या मजल्यावर कोचिंगवाली तीन मुलं भाड्याने राहतात आणि त्यांचा दोन किलोवॉटचा गीझर आहे.

मी कॅलेंडरवर वेळा लिहायला लागले. हे खूळ जॉन गुडरिकचं. इंग्लंडातल्या यॉर्कचा, कानांनी ठार बहिरा मुलगा. १७८२ साली, अठराव्या वर्षी, तो रात्रीमागून रात्री ययाती तारकासमूहातल्या अल्गोलकडे बघत बसला. हा तारा मधूनच मंद होतो हे आधीही लोकांना दिसलं होतं. गुडरिकने वेळा मांडल्या: दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी. आणि म्हणाला, काहीतरी याच्याभोवती फिरत असेल, तेच आड येत असेल. बरोबर निघालं. अंधूक जोडीदार तारा समोरून जातो तेव्हा अल्गोलचा उजेड जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. बिचारा एकविसाव्या वर्षी गेला.

माझं कॅलेंडर सहा दिवसांत भरलं. वर पाण्याचा आवाज, खाली बल्ब तांबूस. एकदाही चुकलं नाही.

इलेक्ट्रिशियन आला. बल्बकडे बघून म्हणाला, "दीदी, पुराना है, एलईडी लगवा लो." हा सल्ला मला आजही खटकतो. एलईडीच्या आतलं सर्किट व्होल्टेज थोडंफार उतरलं तरी उजेड सांभाळून घेतं, म्हणून तर ह्यांना हॉलमध्ये काही दिसत नव्हतं. तारेच्या बल्बचं तसं नाही. व्होल्टेज दहा टक्के पडलं की त्याचा उजेड तीसेक टक्के जातो. तो बल्ब काढला असता तर घरातला एकमेव साक्षीदारच गेला असता.

मी त्याला मीटरनंतरचा कटआउट, म्हणजे फ्यूजची चिनीमातीची डबी, उघडायला लावला. वर-खाली दोन्हीकडची वायर तिथूनच फुटते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवरचा स्क्रू सैल, चिनीमाती काळी, आणि वायरचं प्लास्टिक बोटाने दाबलं तर पापडासारखं तुटलं. गीझरचे नऊ अँपिअर त्या सैल जागेतून जायचे, तेव्हा व्होल्टेज तिथेच गळायचं आणि त्याची उष्णता व्हायची. घरांना बऱ्याचदा आगी लागतात त्या अशाच ठिकाणी. तो टेस्टर खिशात घालत एवढंच म्हणाला, "अच्छा हुआ, बता दिया."

नवा स्क्रू, नवी वायर, चारशे रुपये. बल्ब तोच आहे.

रात्री नऊला गच्चीवर अल्गोल जवळजवळ डोक्यावर असतो. हे शाल गुंडाळून वर आले, बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "आज मंद आहे का गं?"

चष्म्याचा नंबर मात्र खरंच बदललाय. डाव्या डोळ्याचा, पावने.