डबल पैसे कटले तर "गप्प बसा, आपोआप येतात" हे अर्धंच खरं आहे

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. डेबिट कार्डातून दोनदा पैसे कटले तर काही करू नका, ४८ तासात आपोआप येतात, दुकानदाराच्या हातात काही नसतं, डेबिट कार्डावर क्रेडिट कार्डासारखी तक्रार चालत नाही, आणि पहिलं काम म्हणजे कार्ड ब्लॉक करा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण यावर विसंबून कोणी बसून राहिलं तर पैसे अडकतात, म्हणून लिहितोय.

आपोआप येतात, पण कधी? मशीनवर व्यवहार फेल झाला, स्लिप निघालीच नाही आणि तुमच्या मोबाईलवर मात्र पैसे कटल्याचा एसएमएस आला, तर. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे. व्यवहारानंतर ५ दिवसांत बँकेने स्वतःहून पैसे परत करायचे, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता. म्हणजे इथेही मुदत ५ दिवसांची आहे, ४८ तासांची नाही.

पण दुसरा प्रकार बघा. शनिवारी संध्याकाळी गोखले रोडला कपड्याच्या दुकानात गर्दी असते, मशीनचं नेटवर्क रेंगाळतं, काउंटरवरचा मुलगा म्हणतो परत कार्ड घाला, तुम्ही परत पिन टाकता आणि दोन्ही वेळा व्यवहार पास होतो. दोन्हीचे पैसे दुकानदाराला जाणार. बँकेच्या दृष्टीने हे दोन खरे व्यवहार आहेत, तुम्ही एकच ड्रेस घेतलाय हे तिला कसं कळणार? इथे आपोआप काहीही होत नाही, कितीही दिवस थांबा.

आणि म्हणूनच दुकानदाराच्या हातात काही नसतं हे तर साफ चुकीचं. सगळ्यात लवकर तोच सोडवू शकतो. दिवसाची बॅच सेटल व्हायच्या आधी, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा हिशोब बँकेकडे पूर्ण व्हायच्या आधी, मशीनवरच व्यवहार व्हॉइड म्हणजे रद्द करता येतो, सेटल झाली की मग रिफंड टाकावा लागतो आणि त्याला जास्त दिवस जातात, तेव्हा दोन एसएमएस दिसले तर शक्यतो काउंटर सोडायच्या आधीच सांगा. दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून १२ आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, बघा. नंबर एकच असेल तर ती एकाच व्यवहाराची दुसरी प्रत आहे, घाबरायचं कारण नाही. नंबर वेगळे आणि खात्यातून दोनदा वजा, मग खरंच डबल गेलेत. स्लिपांचा फोटो लगेच काढा, तो कागद काही काळाने पांढरा पडतो.

दुकानदार ऐकत नसेल तर बँक. रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड, तिन्हींच्या डेबिट कार्डावर डिस्प्यूट, म्हणजे व्यवहाराविरुद्ध तक्रार, टाकता येतो, क्रेडिट कार्डच लागतं असं अजिबात नाही. बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन टाका, बिल आणि दोन्ही आरआरएन जोडा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका, नुसतं "बघतो साहेब" चालणार नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, एक पैसा लागत नाही.

कार्ड ब्लॉक करून झालेला व्यवहार उलटत नाही. तुम्ही गेलाच नाहीत अशा ठिकाणचा व्यवहार दिसला तर जरूर ब्लॉक करा, तेव्हा एक मिनिटही घालवू नका. पण स्वतः पिन टाकलेल्या दुकानात डबल कटले तर त्याने फक्त नवीन कार्डाची वाट बघणं वाढतं.

मला सगळ्यात जास्त काळजी मेसेजच्या शेवटी दिलेल्या "रिफंड हेल्पलाइन"ची वाटते, तो साधा मोबाईल नंबर आहे. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. पैसे परत द्यायला कोणालाही तुमचा ओटीपी, पिन किंवा स्क्रीन शेअर लागत नाही. आणि ज्यांनी त्या नंबरवर फोन करून ओटीपी सांगून टाकलाय त्यांनी आत्ताच बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवा.