ट्रॅकरला ‘नको’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यांचं काय चुकतं?

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांबद्दलचा एक दावा सध्या बराच फिरतो आहे. भरकटणाऱ्या माणसासाठी जीपीएसचं घड्याळ, गळ्यातलं पेंडंट, बुटाच्या तळव्यात बसणारं यंत्र असं सगळं बाजारात मिळतं. तरी केअर होममध्ये ते रुजत नाही, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांनाच ते नको असतं. त्यांना तंत्रज्ञानाची भीती वाटते, आपल्यावर पाळत राहील अशी धास्ती असते. थोडं ट्रेनिंग द्या, प्रश्न मिटेल, वर मनुष्यबळही वाचेल, असं त्यात म्हटलेलं असतं.

भीतीचा मुद्दा चटकन निकालात काढता येतो. रुग्णाला उचलायचं यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, टॅबवरच्या नोंदी हे सगळं रोज हाताळणारी माणसं एका घड्याळाला घाबरतील, हे पटत नाही.

त्यांची तक्रार वेगळी असते आणि ती समजायला एक रात्रपाळी डोळ्यांपुढे आणावी लागते. रात्रीचे दोन वाजलेत, मजल्यावर दोनच माणसं. एकजण आजोबांचं डायपर बदलतोय, त्यांना कुशीवर वळवून धरलंय, हात सोडता येत नाही. तेवढ्यात कोणीतरी ठरलेल्या हद्दीबाहेर गेल्याचा अलार्म वाजतो. खिडकीपाशी बसलेल्या आजी मोबाइलच्या नकाशावर फाटकाबाहेर दिसतात. उपग्रहाचा सिग्नल भिंती आणि छतातून नीट येत नाही, त्यामुळे जीपीएस इमारतीत असं चुकतंच. धावत जाऊन पाहावं तर आजी जागच्या जागी. असं तीन-चारदा झालं की पाचव्या अलार्मला पाय जड होतात, आणि आजी खरोखर बाहेर पडल्या असतील त्या नेमक्या पाचव्या वेळी. घरातल्या घरात माणूस शोधायचा तर ब्लूटूथ बीकन (खोल्यांमध्ये बसवायची, जवळचा सिग्नल देणारी छोटी यंत्रं) किंवा दाराचे सेन्सर लागतात, ती निराळी व्यवस्था आहे. खरेदी करणाऱ्यांनी हा फरक विचारातच घेतलेला नसतो, आणि बोल मात्र कर्मचाऱ्यांना.

शिवाय यंत्राचे लाड कोणी करायचे? ते बरेचदा रोज चार्ज करावं लागतं. चार्जिंगला सोयीची वेळ म्हणजे रात्र, आणि कित्येक रुग्ण उठून चालू लागतात ते रात्रीच. पट्टा खाजतो म्हणून काढला जातो, पेंडंट उशीच्या अभ्र्यात सापडतं, कधी कपड्यांबरोबर धुवायलाही जातं. ड्युटी बदलताना औषधांचा हिशेब दिला जातो. पेंडंट कोणाच्या गळ्यात आहे आणि त्याची बॅटरी किती उरली, हे कोणी कोणाला सांगायचं ते ठरलेलं नसतं.

पाळतीच्या धास्तीत मात्र तथ्य आहे. अलार्म कधी वाजला आणि कोणी किती मिनिटांनी उत्तर दिलं, याची नोंद अनेक यंत्रणा ठेवतात. उद्या काही विपरीत घडलं तर तीच नोंद कर्मचाऱ्यापुढे धरली जाणार, आणि त्या वेळी मजल्यावर दोनच माणसं होती हे त्यात कुठेही लिहिलेलं नसणार. ही धास्ती दाव्यात हट्टासारखी रंगवलीय. मला तर ती साधी व्यवहारबुद्धी वाटते.

ट्रेनिंगबद्दल. माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात यावर अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये जे मॉडेल मांडलं, त्यात दोन गोष्टी मोजल्या होत्या: ते वापरायला सोपं वाटतं का आणि कामाला उपयोगी वाटतं का. त्यांच्या निष्कर्षात उपयोगाचं पारडं सोपेपणापेक्षा स्पष्टपणे जड निघालं. ट्रेनिंगने सोपेपणा वाढेल. खोटे अलार्म त्याने थांबणार नाहीत.

दाव्यात रुग्णाच्या संमतीबद्दल चकार शब्द नाही, याचं मला सर्वांत नवल वाटतं. ज्याला आपल्या गळ्यात काय आहे हेच उमजत नाही, त्याच्या वतीने हो कोणी म्हणायचं? ते पेंडंट रोज सकाळी स्वतःच्या हाताने घालणाऱ्याला हा प्रश्न टोचतोच. नॉर्वेने 2013 मध्ये यासाठी कायदाच बदलला. संमती देण्याची क्षमता नसलेल्या रुग्णासाठी असं यंत्र वापरता येतं, पण अटी आहेत: ते रुग्णाच्या हिताचं हवं, धोक्याच्या प्रमाणात हवं, आणि क्षमता असती तर त्याने होकार दिला असता अशी शक्यता हवी. असा नियम असला की निर्णयाचं ओझं एकट्या मदतनिसाच्या डोक्यावर राहत नाही. तो नसेल तर ‘नको’ म्हणणाऱ्याला मी तरी मागासलेला म्हणणार नाही.

राहिलं मनुष्यबळ. नेदरलँड्समध्ये संशोधक ॲलिस्टर निमेयर आणि सहकाऱ्यांनी निवासी संस्थांमध्ये जाऊन अशा यंत्रणांचा वापर पाहिला. 2014 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की यंत्रणा असूनही कर्मचारी फेऱ्या मारतच होते, रुग्णांना नजरेसमोर ठेवत होते, दारांना कुलूपही लावत होते; अलार्मचा कंटाळा आलेला होता तो वेगळाच. म्हणजे यंत्र आलं आणि जुनं कामही राहिलं. आणि ते राहणारच, कारण ट्रॅकर फार तर ठिकाण सांगतो. रस्त्यावर गोंधळून उभ्या असलेल्या आजींना समजावून, हाताला धरून परत आणायला माणूसच पाठवावा लागतो, आणि तो गेल्यावर मजल्यावर एकच उरतो.