प्लॅस्टिकचा ट्री घेऊन नक्की कुठलं जंगल वाचतं?

डिसेंबर लागला की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. यंदा मावशीने टाकला: "अमेरिकेत नाताळसाठी दरवर्षी कोट्यवधी झाडांची कत्तल, जंगलं उजाड! प्लॅस्टिकचं झाड एकदाच घ्या, आयुष्यभर वापरा, आगीचीही भीती नाही." खाली हात जोडलेले सहा इमोजी. मावशीला तिथे काही बोललो नाही, हेतू चांगलाच आहे तिचा, पण मी राहतो न्यू जर्सीत आणि पोरांच्या हट्टापायी दोन्ही प्रकारचे ट्री आणून झालेत, म्हणून इथे लिहितोय.

कोट्यवधी हे खरंय. अमेरिकेत वर्षाला अडीच ते तीन कोटी खरे ट्री विकले जातात. पण जंगलं उजाड? अहो, हे शेतातलं पीक आहे, आपल्याकडे द्राक्षाची बाग असते तसं ओळीत लावलेलं. ओरेगन आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोन राज्यं त्यात पुढे, एक ट्री माणसाच्या उंचीचा व्हायला 7 ते 10 वर्षं लागतात, आणि तो सुबक त्रिकोणी आकारही आपोआप येत नाही, दरवर्षी छाटून छाटून आणावा लागतो. एक तोडला की पुढच्या वसंतात नवीन रोप लागतं. काही लोक सरकारी परमिट काढून जंगलातूनही तोडून आणतात, पण ते थोडे. कारखान्याला ऊस गेला की 'गवताची कत्तल' असं कोणी म्हणतं का?

गेल्या वर्षी आम्ही फार्मवर जाऊन स्वतः तोडला. हातात एक आरी देतात, मग तुम्ही ओल्या गवतात कुशीवर आडवे व्हा आणि कापत बसा, पोरगा वरून झाड धरून "बाबा झालं का, बाबा झालं का". शेजारच्याच ओळीत गुडघ्याएवढी रोपं उभी होती. मग ते झाड जाळीच्या नळकांड्यातून ओढून काढतात आणि छत्री मिटावी तसं मिटतं, ते बघायलाच खरं तर पोरांना जायचं असतं.

आता 'आयुष्यभर वापरा'. आमचा प्लॅस्टिकचा चार वर्षं टिकला. खालच्या भागातले लाइट गेले, एक फांदी खिळखिळी झाली, आणि दरवर्षी कार्पेटभर हिरवा भुगा. हे ट्री बहुतेक चीनमधून येतात, पीव्हीसी आणि लोखंडी तारा एकत्र पिळलेल्या, त्यामुळे रिसायकलवाले हात लावत नाहीत. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेचा हिशोब असा: साधारण दोन मीटरचा प्लॅस्टिक ट्री म्हणजे 40 किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन, तेवढाच खरा ट्री भुगा करून जमिनीत घातला तर साडेतीन किलो, पण कचरा डेपोत सडायला टाकला तर 16 किलो, कारण तिथे मिथेन हा हवा तापवणारा वायू होतो. म्हणजे खऱ्या ट्रीचा भुगा होणार असेल तर प्लॅस्टिकवाल्याला बरोबरी करायला अकरा-बारा नाताळ लागतात, आणि तो डेपोत जाणार असेल तर तिसऱ्याच वर्षी प्लॅस्टिक जिंकतं. म्हणजे खरा प्रश्न डिसेंबरचा नाहीच, जानेवारीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत 'मल्चफेस्ट' असतो, ट्री नेऊन द्यायचा, त्याचा भुगा शहरातल्या झाडांच्या बुडाशी जातो. आमच्या राज्यात काही बीचवर जुने ट्री आडवे रचतात, वाऱ्याने आलेली वाळू फांद्यांत अडकते आणि टेकाड उभं राहतं.

आगीचं म्हणाल तर वाळलेला खरा ट्री भयंकर पेटतो, यात वाद नाही, पण प्लॅस्टिकचाही जळतो की, आणि जुनाट लाइटची माळ काही झाड बघून शॉर्ट होत नाही. खऱ्याला पाणी लागतं, बस. घरी आणल्यावर बुंध्याचा एक पातळ काप काढायचा, नाहीतर चिकाने तोंड बंद होतं आणि तो पाणी पीत नाही. आमच्या ट्रीने पहिल्या रात्रीत स्टँड कोरडा केला होता, सकाळी बायकोला वाटलं गळतोय.

एवढं लिहून मी काही खऱ्या ट्रीचा एजंट नाही. घरात प्लॅस्टिकचा असेल तर तोच वापरा, मोडेपर्यंत वापरा, कोणी जुना देत असेल तर घेऊन टाका. फक्त झाडं वाचवायला म्हणून नवा नका घेऊ.

आणि मावशीसाठी वेगळं: तिकडे भारतात फरचं झाड तोडायला आहेच कुठे? वसई-गोव्याकडे सुरूची फांदी आणतात, नाहीतर नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीतलं अरौकेरिया मिळतं, ते मूळचं नॉरफोक बेटावरचं, आपल्या हवेत छान जगतं. नाताळ झाला की बाल्कनीत ठेवायचं. मावशीच्या सोसायटीच्या गेटपाशी दोन मजली उंच झाड आहे ना, ज्याच्या पानांबद्दल ती वॉचमनकडे तक्रार करते, ते तेच.