एकवीस वर्षं झाली, आता कसला संयम?

'संयम ठेवा' हे शब्द मला पुन्हा कुणी ऐकवले तर खरंच भांडण होईल. माझा संघ एसेंडन, मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब. २०२५ च्या मोसमात एसेंडननं २३ पैकी ६ सामने जिंकले. मे महिन्यात रिचमंडला हरवलं, आणि त्यानंतर ऑगस्ट संपेपर्यंत एकही सामना नाही जिंकला. सलग तेरा पराभव! तेरा वेळा मी टीव्हीसमोर किंवा स्टेडियमच्या खुर्चीत बसलो आणि तेरा वेळा तोंड पाडून उठलो. आणि मोसम संपल्यावर पुन्हा क्लबची तीच कॅसेट: संघाची नव्यानं बांधणी चालू आहे, पोरं तरुण आहेत, थोडी वाट बघा.

किती वाट बघायची? एसेंडननं शेवटची फायनल जिंकली सप्टेंबर २००४ मध्ये, मेलबर्न नावाच्याच क्लबविरुद्ध. इथं 'फायनल्स' म्हणजे साखळी संपल्यावर वरच्या संघांचे बाद फेरीचे सामने, आणि त्यातला शेवटचा तो ग्रँड फायनल. त्या दिवसानंतर या संघानं फायनल्समधला एकही सामना जिंकलेला नाही. एकवीस वर्षांत एकही नाही! २००४ मध्येच पुढच्या आठवड्यात जिलाँगकडून हरले. २००९ ला ॲडलेडनं ९६ गुणांनी तुडवलं. २०११ ला कार्लटननं, २०१४ ला नॉर्थ मेलबर्ननं, २०१७ ला सिडनीनं ६५ गुणांनी, २०१९ ला वेस्ट कोस्टनं, २०२१ ला बुलडॉग्जनं. मला ही यादी झोपेतून उठवून विचारली तरी पाठ आहे, आणि ती पाठ असण्याचा मला संताप येतो.

हा तोच क्लब आहे ज्याच्या नावावर १६ अजिंक्यपदं आहेत. प्रशिक्षक केव्हिन शीडींच्या २००० च्या संघानं अख्ख्या मोसमात एकच सामना गमावला होता आणि ग्रँड फायनल ६० गुणांनी जिंकली होती. म्हणजे लहान गावातला गरीब संघ, पैसा नाही, प्रेक्षक नाहीत, असं काही नाही. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या दिवशी, ॲन्झॅक डेला, कॉलिंगवुडशी सामना असतो तेव्हा एमसीजीवर नव्वद हजारांच्या वर माणूस असतो. बिगुल वाजतो तेव्हा एवढ्या गर्दीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. एवढी माणसं ज्यांच्यामागं उभी आहेत त्यांनी असं खेळायचं?

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉलचे सामने बघत वाढलो. तिथं संघ निवडायचा नसतो, ज्या पेठेत जन्मलो तो संघ आपला. शिवाजी पेठेतला पोरगा पाटाकडील तालमीचा झेंडा हातात घेत नाही, मग आपला संघ जिंको नाहीतर हरो. २००८ ला मेलबर्नला आलो आणि पहिलं घर भाड्यानं घेतलं ते एसेंडन उपनगरात. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या इटालियन आजोबांनी विचारलं, तुझा संघ कोणता? मी म्हटलं, इथं राहतो म्हणजे इथलाच. त्यांनी आत जाऊन काळ्यावर लाल पट्ट्याचा एक स्कार्फ आणून माझ्या गळ्यात घातला. खेळ तर तोवर कळतही नव्हता. अंडाकृती बॉल, एका बाजूला अठरा खेळाडू, चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं मारला की सहा गुण, कडेच्या खांबांतून गेला तर एक. सगळं त्या आजोबांच्या सोफ्यावर बसून शिकलो. त्यांनी ८४, ८५, ९३ आणि २००० ची अजिंक्यपदं बघितली आहेत, विंडी हिलवर उभं राहून सामने बघितले आहेत. त्यांच्याकडं काढून काढून आठवायला शिल्लक आहे. माझ्या दहा वर्षांच्या मुलाकडं काय आहे?

जुलैमधला एक सामना सांगतो. डॉकलंड्सचं स्टेडियम, छत बंद, तिसरा क्वार्टर, आपण आधीच चाळीसएक गुणांनी मागं. बॉल आमच्या बाजूच्या सीमारेषेजवळ आला, आम्ही खालच्या रांगेत होतो, अगदी समोर. आपले दोन खेळाडू बॉलपासून सारख्याच अंतरावर. दोघंही थांबले. याला वाटलं तो घेईल, त्याला वाटलं हा घेईल. मधून प्रतिस्पर्ध्याचा एक पोरगा खाली वाकून आला, बॉल उचलला, हँडबॉल दिला, म्हणजे मुठीनं मारून पास, आणि पाच सेकंदांत पलीकडं गोल. मला त्या गोलाचं काही नाही वाटलं. पण आपल्या दोघांपैकी एकही मागं धावला नाही. एकानं कमरेवर हात ठेवले आणि मोठ्या पडद्याकडं बघत उभा राहिला. मी ओरडलो, 'अरे पळ की!' मराठीतच ओरडलो. पोरगा शेजारून म्हणाला, "बाबा, ते थकलेत का?" काय सांगू मी त्याला? त्यानं गळ्यातला स्कार्फ काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवला. शेवटपर्यंत परत घातला नाही. तो स्कार्फ त्याच आजोबांनी दिलेला.

दुखापती होत्या, मान्य. २०२५ मध्ये एसेंडनला पंधरा नवीन पोरं पहिल्यांदा मैदानात उतरवावी लागली. त्या पोरांना मी एक शब्द बोलणार नाही. त्यातली काही तर अठरा-एकोणीस वर्षांची, हाडं अजून भरायची आहेत, ती अंगावर मार झेलत पळत होती. माझा राग त्यांच्यावर नाही. राग आहे तो वर बसून निर्णय घेणाऱ्यांवर. शीडी २००७ ला गेले. त्यानंतर नाइट्स, हर्ड, थॉम्पसन, वर्सफोल्ड, रटन आणि आता स्कॉट, हे सहा प्रशिक्षक झाले, हंगामी धरलेच नाहीत. प्रत्येक वेळी नवी दिशा, नवी संस्कृती, आणि आमच्याकडं पुन्हा मागणी संयमाची. खेळाडूंना दिलेल्या इंजेक्शनांच्या सप्लिमेंट प्रकरणात २०१३ ला फायनल्समधून बाहेर काढलं, २०१६ ला चौतीस खेळाडूंवर बंदी आली, आमच्या जोब वॉटसनला मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक परत करावं लागलं, संघ तळाला गेला. तेव्हाही मेंबरशिप सोडली नाही आम्ही. उलट तेव्हा तर लोक हट्टानं पैसे भरून आले, की आपला संघ अडचणीत आहे. २०२२ ला रटनची नोकरी चालू असताना क्लार्कसन या दुसऱ्या प्रशिक्षकाच्या मागं लागले, तो गेला नॉर्थ मेलबर्नला, आणि मग रटनलाही काढलं. लगेच नवा सीईओ नेमला, त्यानं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. २०२३ ला जीडब्ल्यूएस संघानं १२६ गुणांनी हरवलं. २०२४ ला अर्ध्या मोसमात वरच्या चारांत होतो, मी मुलाला सांगितलं की या वर्षी तुला फायनल दाखवतो. संपताना अकरावे! त्या पोराला दिलेला शब्द कुणी मोडला?

आणि मग २०२५ चा कर्णधार. झॅक मेरेट. २०१४ पासून या संघासाठी जीव काढतोय, मार खातोय, आणि एक फायनल जिंकलेली नाही. २०२५ चा मोसम संपल्यावर म्हणाला, मला हॉथर्नला जाऊ द्या. हॉथर्नला! बातमी वाचली तेव्हा मी क्रेगीबर्नच्या ट्रेनमध्ये होतो, माझं स्टेशन मागं गेलं ते कळलंच नाही. पहिला दिवस त्याच्यावर भडकलो. शिवाजी पेठेचा कर्णधार पाटाकडीलकडून खेळायला निघाला तर काय होईल, तसं झालं मला. क्लबनं सोडलं नाही त्याला. पण आठवडा गेला आणि राग त्याच्यावरचा उतरला. ज्या घरात सगळ्यात जास्त राबणारा माणूस दार उघडून जायला निघतो, त्या घरात बिघाड त्या माणसाचा नसतो. क्लबनं त्याला अडवलं, पण त्याला जावंसं का वाटलं याचं सरळ उत्तर आम्हाला अजून कुणी दिलेलं नाही.

लोक म्हणतात, संघ बदल. जिलाँग घे, ब्रिस्बेन घे, पोराला तरी सुख लागू दे. असं सांगणाऱ्यांना पेठ म्हणजे काय ते माहीत नाही. मी बदलणार नाही. पण पोराच्या शाळेत निम्मी पोरं हॉथर्न आणि कॉलिंगवुडची आहेत, आणि सोमवारी सकाळी डबा भरताना तो मला विचारतो, "आज स्कार्फ नको नेऊ ना?" थंडी असते सहा अंशांची. तरी विचारतो. दहा वर्षांच्या पोराला स्वतःच्या संघाची लाज वाटायला लावली तुम्ही, आणि संयम मागताय माझ्याकडं.