शिल्लक उणे १२: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार भाऊ,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत: "पोळ्याच्या संध्याकाळी इतवारीच्या दुकानातून शेवटचे १२ लाकडी नंदी विकले, तरी वाडीच्या गोडाऊनला १२ शिल्लकच दिसत होते. तिथल्या पोरानं तेच परत विकले. तीन ठिकाणी डेटा ठेवता, मग हिशोब वेगळा कसा? त्यापेक्षा एकच प्रत ठेवा."

चूक आमची आहे. ती कशी झाली हे इथेच सांगतो, कारण आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बाकी दुकानदारांनाही ते कळायला हवं.

प्रत्येक बिल आधी मुख्य सर्व्हरवर, म्हणजे प्रायमरीवर नोंदलं जातं आणि तिथून दोन रिप्लिकांकडे, म्हणजे त्याच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांकडे जातं. प्रायमरी त्यांच्या होकारासाठी थांबत नाही. त्यामुळे बिल पटकन निघतं, पण रिप्लिका जराशी मागे राहते, एरवी सेकंदभरही नाही. प्रायमरीवर ताण नको म्हणून शिल्लक दाखवायचं काम आम्ही रिप्लिकांना दिलं होतं. त्या संध्याकाळी वाडीचा स्क्रीन ज्या रिप्लिकेवरून वाचत होता, तिच्यावर एक मोठा रिपोर्ट चालू होता. आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असा रिपोर्ट ज्या जुन्या नोंदी वाचतोय त्याच पुसायची वेळ आली, की रिप्लिका नवे बदल लावायचं थांबवू शकते. मूळ मर्यादा ३० सेकंदांची असते, मग रिपोर्ट रद्द होतो. रिपोर्ट मध्येच तुटतात म्हणून आम्हीच ती १० मिनिटांवर नेली होती. तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या मुलानं "पान रिफ्रेश करा" सांगितलं; रिफ्रेश करूनही आकडा त्याच रिप्लिकेवरून येत होता.

मला जास्त लागलं ते पुढचं. वाडीचं बिल प्रायमरीवर पोचलं, तिथे खरा आकडा शून्य होता, आणि आमच्या प्रोग्रामनं तो न बघताच वजाबाकी केली. शिल्लक उणे १२! रिप्लिका मागे पडतात हे या धंद्यातल्या कोणालाही माहीत असतं. ती तपासणी पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

आता विक्रीच्या स्क्रीनवरची शिल्लक प्रायमरीवरूनच येते. माल पुरेसा आहे का हे बघणं आणि तो वजा करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकच अखंड काम म्हणून होतं. रिपोर्टसाठी एक रिप्लिका वेगळी काढली आहे. याची किंमत आहे: प्रायमरी बंद पडली, तर दुसरी रिप्लिका तिची जागा घेईपर्यंत बिलिंग थांबेल. खोटी शिल्लक दाखवण्यापेक्षा ते मला चालेल.

एकच प्रत ठेवायचा सल्ला मात्र मानता येणार नाही, भाऊ. त्या एका मशीनची डिस्क गेली तर तुमची उधारीची सगळी खाती अडकतील.

दुसऱ्या दिवशी, पोरांच्या लाकडी नंद्यांच्या तान्ह्या पोळ्याला, ज्या गिऱ्हाईकाला रिकाम्या हातानं परत पाठवावं लागलं, त्याला तुम्ही दिलेली भरपाई आणि गाडीभाडं किती झालं ते कळवा. तेवढी रक्कम तुमच्या पुढच्या वर्गणीतून कमी करतो.