प्लॅन वाढवून भिंत पातळ होत नाही

आज डोकं फिरलं आहे, म्हणून लिहिते.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात मोठी आई एकटी असते. वय ८१. नेट नीट चालत नाही अशी तक्रार केली होती, तर आज कंपनीचा मुलगा आला. समोरच्या खोलीत राउटरपासून हातभर अंतरावर उभा राहिला, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, ९४ एमबीपीएस वेगाचा आकडा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, नेट तर एकदम ओके येऊन राहिलं. तुमचा प्लॅनच छोटा आहे. तीनशेचा घेऊन टाका." मी म्हटलं, भाऊ, मागच्या खोलीत चल आणि तिथे टेस्ट लाव. तर म्हणे, आमची जबाबदारी राउटरपर्यंतच.

अरे, पण मोठी आई राउटरपाशी राहते का? ती राहते देवघरामागच्या खोलीत. महालातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको, एकामागे एक खोल्या आणि दीड-दीड फुटाच्या भिंती. राउटर ज्या लहरी सोडतो त्यांची ताकद साधारण ०.१ वॅट. खोलीतला एलईडी बल्बच ९ वॅटचा असतो. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की ही ताकद चौथाई होते. त्यात भिंत आली की आणखी कापली जाते. साधी नऊ इंची विटेची भिंत ओलांडताना ढोबळमानाने पाव हिस्सा उरतो. अशा तीन भिंती म्हणजे चौसष्टावा हिस्सा. आमच्या तर दुप्पट जाड, आणि राउटर कोपऱ्यात असल्याने लहर तिरपी जाते, म्हणजे भिंतीतला तिचा रस्ता आणखी लांबतो. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की विचारूच नका, पाणी या लहरी शोषून घेतं.

आता यात १०० चा प्लॅन असो की ३००चा, राउटरची ताकद तेवढीच आणि भिंतही तेवढीच. गच्चीवरची टाकी मोठी बसवायची आणि गंजून बंद झालेला पाइप तसाच ठेवायचा, असला हा सल्ला आहे. आणि हा सल्ला कोणाला? पेन्शनवर घर चालवणाऱ्या बाईला.

रोज रात्री जेवणं झाली की बंगळुरूहून नातवाचा व्हिडिओ कॉल येतो. तिला तो दिसतो. थांबत, अडकत, पण दिसतो. तिचा आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो "आजी, हॅलो, हॅलो" करतो आणि कॉल कटतो. याचंही कारण साधं आहे. फोनवर ज्या दांड्या दिसतात त्या राउटरचं फोनला किती ऐकू येतं हे सांगतात. फोनचं राउटरला किती ऐकू जातं, ते त्या सांगत नाहीत. फोनची ताकद बहुधा राउटरपेक्षाही कमी, बॅटरीवर चालणारी वस्तू ती. म्हणून दोन दांड्या दिसत असतानाही बोलणं एकतर्फी होतं.

मोठी आईला वाटायचं तोच कॉल ठेवतो. कित्येक महिने तिला हेच वाटत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्याला कामं असतात बापा, कशाला त्याच्या मागे लागता." हे ऐकून माझ्या पोटात तुटलं. भिंतीने खाल्लेला सिग्नल, आणि म्हातारीने तो नातवाच्या मायेत मोजला.

कोणी म्हणेल, मग मोबाइल डेटा वापरा. वापरला की. टॉवरचा सिग्नल खोलीत येतो तो मुख्यतः खिडकीतून, आणि नागपुरात एप्रिल लागला की खिडकीत काय बसतं? कूलर. लोखंडी पत्र्याचा डबा, आत पाणी, बाजूला भिजलेल्या ताट्या. पत्रा लहर परतवतो आणि पाणी उरलीसुरली शोषतं. आता ४५ डिग्रीत तिला कूलर काढ म्हणू का? आणि हो, सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरचा सल्ला कृपया कोणी देऊ नका. बिनपरवाना मोबाइल बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे आणि त्याने आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं.

आज आलेल्या मुलाला टार्गेट असतं, हे मला माहीत आहे. जाताना त्याने मोठी आईच्या पाया पडून पाणी मागितलं, चांगल्या घरचा होता. राग त्याच्यावर नाही. ज्यांनी त्याला स्पीड टेस्ट शिकवली आणि भिंत शिकवली नाही, त्यांच्यावर आहे. हे ज्ञान काही काल-परवाचं नाही. जगदीशचंद्र बोसांनी एकोणिसावं शतक संपायच्या आत कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती.

जुन्या घराचं सोडा, ते बांधलं तेव्हा फोनही नव्हता. पण बेसा, मनीष नगरला कालपरवा उभे राहिलेले फ्लॅट बघा. सळयांनी भरलेल्या आरसीसी भिंती, लोखंडी दारं, फॉल्स सीलिंगवर पन्नास दिवे, आणि इंटरनेटची वायर येते ती एकाच जागी, टीव्हीच्या मागे. तिथून बेडरूमपर्यंत एक रिकामा पाइपसुद्धा नाही! दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं मानांकन द्यायचे नियम केले. चांगलं केलं. पण ते मागायचं बिल्डरने, आणि आपण फ्लॅट बघायला गेलो की विचारतो पार्किंग किती आणि पाणी कोणतं. नेटवर्क? "टॉवर जवळच आहे ना," झालं.

मेश राउटर, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर नेट पसरवणारे दोन-तीन डबे, चांगले असतात, मान्य. पण त्यांनाही आपसात बोलायला त्याच भिंती ओलांडाव्या लागतात. इतक्या जाड भिंतीत खात्रीचा उपाय एकच, वायर. समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत लॅन केबल न्यायची आणि तिथे दुसरा राउटर बसवायचा. साधी कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, तिला भिंतीशी देणंघेणं नाही. मागच्या राउटरवर वायफायचा २.४ गिगाहर्ट्झवाला पट्टा चालू ठेवायचा. ५ वाला वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर हरतो.

ज्यांचं घर सध्या बांधून होऊन राहिलं आहे त्यांनी प्लास्टरच्या आधी ठेकेदाराला सांगा, प्रत्येक खोलीपर्यंत एक वेगळा पाइप टाक, लाइटच्या वायरिंगचा नव्हे. प्लास्टर झाल्यावर तो तुमचं ऐकणार नाही.

आणि महालात, जुनी भिंत न फोडता नीट वायर नेणारा इलेक्ट्रिशियन कोणाच्या ओळखीचा असेल तर मला इनबॉक्स करा. याच आठवड्यात काम करून घ्यायचं आहे.